खुर्ची चालवायची शिकवणी

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, ते काढायला वाकले तेव्हा तुमची आठवण झाली आणि नमस्कारही तिथेच उरकून घेतला. या वयात एकदा वाकलं की जमतील तेवढी कामं त्यातच आटपावी लागतात, तेव्हा राग मानू नका.) तुमची झोप कशी आहे? रक्तदाब? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी तुमचा अबोला अजून टिकून आहे, की त्यांनी पुन्हा कुंड्यांचं पाणी तुमच्या वाळत घातलेल्या चादरींवर सोडून तुम्हाला तोंड उघडायला लावलं? मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की अबोल्यामुळे घर कसं शांत झालंय. मला तुमचा हेवा वाटला. आमच्याकडे मी अबोला धरला तर तो धरलाय हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत माझाच सुटतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. गोष्ट लांबलचक आहे, आणि फोनवर गोष्ट रंगात आली की तुम्ही नेमकं 'बरं, ठेवते' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा चहा करून घ्या, चष्मा पुसा आणि निवांत बसा.

तुमच्या बंधूंची तब्येत एकंदरीत बरी आहे. जीभ पूर्वपदावर आली, हातही बहुतेक आला. डाव्या पायाचं मात्र काही खरं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो पाय मुक्कामाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा वागतो. घरातच असतो, पण कशाच्या उपयोगी पडत नाही, आणि जा म्हणायची सोय नाही. काठी घेऊन हे पलंगापासून टेबलापर्यंत येतात, टेबलापासून खिडकीपर्यंत जातात, आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या झाडून साऱ्या गाडीवाल्यांना नापास करतात. त्यापलीकडे चालायचं म्हटलं की दमछाक. ज्या माणसानं जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्याला असं बसून राहणं कसं वाटत असेल ते तुम्ही जाणता. हे बोलून दाखवत नाहीत. म्हणजे बाकी सगळं बोलून दाखवतात, तेवढं सोडून.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या स्कूलच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर एक कॅलेंडर होतं, कालव्यांच्या शहराचं, तुम्ही पाहिलंय. तारखा केव्हाच फाडून झाल्या, पण वरचं चित्र मी काढू दिलं नाही. दोन्ही बाजूंना उंच अरुंद घरं, मधून पाणी, पाण्यावर कमानीचे दगडी पूल आणि मागे घंटेचा मनोरा. विद्यार्थ्यांना वेळा वाटून देता देता मी मधूनच त्या पुलावर जाऊन उभी राहायची. हे म्हणायचे, स्कूल बंद केलं की पहिल्यांदा तिथं जाऊ. मग स्कूल बंद केलं, दोन ब्रेकवाली गाडी विकली (दुसरा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो, ह्यांनी तो इतका वापरला की विद्यार्थ्यांच्या बाजूचा अगदी कोरा राहिला होता), पासपोर्टाचे फोटो काढले, आणि नेमका तेव्हाच पाय रुसला. आता डॉक्टर म्हणतात, खुशाल जा, व्हीलचेअर घेऊन जा, औषधं तेवढी चुकवू नका. मी त्याच संध्याकाळी माळ्यावरच्या बॅगा काढून पुसल्या. हे म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला होकार देतानाही हे एवढंच म्हणाले होते आणि पुढचं तुम्ही दटावून वदवून घेतलंत.

म्हणून मीच ह्यांना प्रवास कंपनीत घेऊन गेले. तिथल्या बाई फार गोड. ह्यांची काठी पाहिल्याबरोबर म्हणाल्या, काही काळजी करू नका काका, तिथं सगळं व्हीलचेअर-फ्रेंडली आहे. झालं. ह्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि फ्रेंडली म्हणजे किती फ्रेंडली, अशी सुरुवात केली. रॅम्प आहे म्हणता, तर त्याचा चढ केवढा? वर पोचल्यावर लगेच वळण आहे की थांबायला सपाट जागा आहे? हॉटेलच्या न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर? बाई म्हणाल्या, दारं स्टँडर्ड साइझची असतात. हे म्हणाले, कोणाच्या स्टँडर्डची? बाईंनी घाईघाईनं चित्रांचं पुस्तक पुढे केलं. त्यात तोच पूल होता, वन्सं, माझ्या कॅलेंडरवरचा, फक्त वेगळ्या बाजूनं काढलेला. हे चष्मा लावून त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, चला, पाघळले. हे म्हणाले, "दगड उंचसखल आहेत, पुढची चाकं नाचतील." एवढ्या मोठ्या मनोऱ्याकडे ह्यांचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. त्या बाईंनी मग माझ्याकडे बघून आमच्यासाठी मागवलेला पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला.

घरी आल्यावर ह्यांनी खुर्चीच्या रुंदीचा पुठ्ठा कापला आणि तो मला घरातल्या प्रत्येक दारातून नेऊन दाखवायला लावला. स्वयंपाकघर पास. झोपायची खोली काठावर पास. न्हाणीघराच्या दारात पुठ्ठा अडकला. म्हणजे परदेश राहिला बाजूला, आम्ही आमच्याच घरात राहायला नालायक ठरलो. तरी मी हिंमत सोडली नाही आणि दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून एक खुर्ची भाड्यानं आणली. आता अडचण अशी की खुर्चीत बसून गावातून फिरायला हे तयार नाहीत. अर्धं गाव ह्यांचा ओरडा खात गाडी शिकलंय. बँकेत जा, भाजी घ्यायला जा, कोणी ना कोणी 'नमस्कार मास्तर' म्हणून उभं राहतं. त्यांच्यासमोर मला ढकलत नेणार का, असं हे म्हणाले. मी म्हटलं, अहो, म्हणून तर परदेशी जायचंय, तिथं तुम्हाला कोण ओळखतंय? हा मुद्दा त्यांना पटला. मात्र तिथं जाण्याआधी मी खुर्ची नीट चालवायला शिकले पाहिजे, अशी अट पडली. बायकोला आणि सख्ख्या बहिणीला गाडी शिकवायची नाही हा ह्यांचा नियम. (तो का पडला हे तुम्ही आणि आपल्या जुन्या घराचं फाटक, दोघंच सांगू शकाल.) तो नियम माझ्यासाठी या उतारवयात मोडला.

पहिला धडा घरातल्या बोळात झाला. मी खुर्चीचे दांडे धरून ढकलायला लागले तर म्हणाले, थांब. आधी गाडीभोवती फेरी. मी फेरी मारली. चाकं बघितली? बघितली. हवा? अहो, भरीव रबर आहे. तरी बघ. ब्रेक ओढून बघ. पाय ठेवायच्या पट्ट्या हलवून बघ. हे सगळं झालं तेव्हा कळलं की मोरीचा नळ चालू राहिलाय, तो बंद करून येईपर्यंत पहिला धडा संपला होता. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष चालवणं. जरा वेग आला की ह्यांचा उजवा पाय आपोआप खालच्या पट्टीवर दाबला जातो, न विचारता. जन्माची सवय. दोन-तीन दिवसांत पट्टी वाकडी झाली आणि दुकानदारानं विचारलं की पेशंट फार चिडके आहेत का.

तिसऱ्या दिवशी आरसा आला. गाडी विकताना ह्यांनी शिकवणाऱ्याच्या बाजूचा जास्तीचा आरसा काढून ठेवला होता, तो मला माहीतच नव्हता. तो ह्यांनी खुर्चीच्या हाताला पट्टीनं आवळून बसवला. मागून येणारी वाहनं दिसायला हवीत म्हणे. आमच्या बोळात मागून येणारं वाहन मी एकटीच. पण एव्हाना मी चिडले होते. सतत 'दांडे सैल धर', 'खांदे पाड', 'समोर बघ, चाकाकडे बघू नकोस', 'विचार करून वळ'. म्हणून मी माळ्यावरून जुनी, तांबड्या 'एल'ची शिकाऊ पाटी काढली आणि खुर्चीच्या पाठीला अडकवली. ह्यांना ती दिसत नव्हती. मला दिसत होती आणि तेवढ्यानं माझं बरं चाललं होतं.

बोळ पाठ झाल्यावर खऱ्या रस्त्याची गरज पडली. गोदामांच्या मागे ते मोकळं मैदान आहे ना, जिथे हे आठचा आकडा काढून गाडी फिरवायला लावायचे, तिथं रविवारी सकाळी जायचं ठरलं. कोणी ओळखू नये म्हणून ह्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली, काळा चष्मा लावला आणि कॉलर वर केली. आजारी माणूस हवा खायला निघालाय असं कोणाला वाटलं नसतं, बँक लुटायला निघालाय असं वाटलं असतं. टॅक्सीसुद्धा पारखून घेतली. समोरून येणाऱ्या दोन टॅक्स्या सोडल्या आणि तिसरी वळण घेताना अशी काही हेलकावली की हे म्हणाले, ही थांबव, हा माझा विद्यार्थी असणं शक्य नाही.

मैदानावर माझी परीक्षाच होती. आठ जमला. मग रिव्हर्स. रिव्हर्समध्ये मागचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. मी ढकलतेय, खुर्ची हलत नाही, आणि हे मोठ्यानं ओरडले, "क्लच! क्लच दाब!" मी म्हटलं, अहो, कुठाय क्लच? तर म्हणाले, मग निदान घाबरू तरी नकोस. एवढ्यात मागून कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग कोणीतरी म्हणालं, "मास्तर?" आपल्या चौकातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई कुत्रा फिरवायला आल्या होत्या. ह्यांची जुनी विद्यार्थिनी. रिव्हर्समध्ये नापास होऊन होऊन शेवटी पास झालेली. टोपी, चष्मा, कॉलर, कशाचाही उपयोग झाला नाही, कारण ह्यांचा ओरडा त्यांनी पुष्कळ खाल्ला होता.

वन्सं, झाकपाक करायला मी पुढे होणार, तेवढ्यात त्या बाईंची नजर खुर्चीच्या पाठीकडे गेली. ती तांबडी पाटी काढायची मी साफ विसरले होते. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मास्तर, आता हेही शिकवता?" ह्यांनी काळा चष्मा काढला, कॉलर खाली केली आणि म्हणाले, "हो. नवीन बॅच आहे."

आणि खोटं म्हणावं तर ते खोटं राहिलंच नाही. त्या बाईंच्या सासूबाई वर्षभर खुर्चीत आहेत. फुटपाथ आला की खुर्ची दाणकन आपटते आणि सासूबाई किंचाळतात, म्हणून दोघी घराबाहेर पडायलाच धजत नाहीत. पुढच्या रविवारी त्या सासूबाईंना घेऊन हजर. ह्यांनी त्यांना फुटपाथवरून खुर्ची उलटी कशी उतरवायची ते शिकवलं. आधी मोठी चाकं, मग हळूच छोटी, आणि बसलेल्या माणसाला आधी सांगायचं की आता उतरतोय. हे शेवटचं ह्यांनी तीन-तीनदा सांगितलं. न सांगता हलवलं की भीती वाटते, म्हणाले. मला हे कधी बोलले नव्हते. सासूबाई एकदाही किंचाळल्या नाहीत. आणि ह्यांचा आवाज! झटक्यानंतर घरात एक वेगळाच आवाज राहायला आला होता, विचारल्यावर उत्तर देणारा. त्या दिवशी मैदानावर जुना आवाज परत आला, खणखणीत, उगाच ओरडणारा. येताना टॅक्सीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले, कारण मला रडू येत होतं आणि टॅक्सीवाल्याला वाटलं असतं की ते त्याच्या चालवण्यामुळे.

आता एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल की सगळं जुळून आलं. मलाही वाटलं. मी प्रवास कंपनीच्या बाईंना फोन करून ठेवला. उरला होता फक्त चढाचा धडा, कारण त्या कालव्यांवरचे पूल कमानीचे. गोदामाच्या मागे ट्रक लावायचा उतार आहे, तोच पूल समजायचा असं ठरलं. मी खुर्ची वर ढकलली. अर्ध्यावर पोचले तर हे म्हणाले, थांब, ब्रेक लाव, पट्टी सैल झालीय, आजचा धडा संपला. पुढच्या रविवारी पुन्हा चढ, पुन्हा अर्ध्यावर थांब. तेव्हा म्हणे टोपी उडतेय. त्यानंतर म्हणे ऊन फार आहे. (ढग होते.) मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय आणि ह्यांच्यातला मास्तर प्रथमच बोलायला संकोचतोय.

मग परवा हे न्हाणीघरात होते तेव्हा मी खुर्ची पुसत होते. दमले म्हणून तिच्यातच बसले. ह्यांच्या जागेवर पहिल्यांदाच. आरशात सहज बघितलं, तर त्यात ना बोळ दिसतो ना दार. आरसा सारा वर वळवलेला, आणि स्क्रू असा घट्ट आवळलेला की चुकून फिरला म्हणायची सोय नाही. मी मागे हात नेऊन पाहिलं. ढकलणाऱ्याचं डोकं जिथे येईल, तिथली हवा त्या आरशात दिसत होती. म्हणजे इतके दिवस हे वाहनं बघत नव्हते, मला बघत होते.

बाहेर आल्यावर मी सरळ विचारलं. ह्यांनी आधी टॉवेलनं डोकं पुसण्यात पुष्कळ वेळ घालवला. (पुसायला तिथे काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.) मग म्हणाले, चढावर तू दात आवळतेस आणि मी बघतोय असं वाटलं की हसतेस. मी म्हटलं, बरं मग? तर म्हणाले, "मी पुलावर मजेत बसून कालवे बघणार, आणि तुला काय दिसणार? माझं टक्कल. कॅलेंडर तू जपलंस. तुला टक्कल दाखवायला एवढ्या लांब नेऊ?" मी म्हटलं, टक्कल मी त्याच्यावर केस होते तेव्हापासून बघतेय, मला त्याचं काही नाही. तिथं ढकलायला माणूस मिळतो, असं प्रवास कंपनीच्या बाई म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं. तर परक्या माणसाच्या हातात हे गाडी देणार नाहीत, त्याला कोणी शिकवलंय देव जाणे. बॅटरीची खुर्ची? तिला पायात ब्रेक नसतो. सगळी दारं बंद करून झाल्यावर म्हणाले, तू जा. अक्काला, म्हणजे तुम्हाला, घेऊन जा. अक्का ठणठणीत आहे, दोघी मस्त फिरा, मनोऱ्यावर चढा, मला फोटो दाखवा. मी इथं रविवारची बॅच घेईन.

मी रागानं कपाट उघडून बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. असल्या माणसाशी भांडायचं कसं, वन्सं? नवरा स्वार्थी असता तर मी त्याला दोन शब्द सुनावून बॅग भरायला घेतली असती. पण ह्यांनी मनाशी पक्कं केलंय, आणि एकदा पक्कं केलं की मग तुम्हीच काय ते हलवू शकता. अक्काला फोन कर, म्हणाले. मी म्हटलं, अशी गोष्ट नीट लिहून कळवायची असते.

तेव्हा तुमच्या बंधूंच्या इच्छेप्रमाणे ही विनंती, की त्यांच्या जागी तुम्ही माझ्याबरोबर कालव्यांचं शहर बघायला यावं. येत्या रविवारी मैदानावरून परतल्यावर हे स्वतः तुम्हाला फोन करून विचारणार आहेत. प्रकृतीला जपा, गोळ्या वेळेवर घ्या, वरच्या बाईंना माझ्यातर्फे काहीही सांगू नका.

तुमची,
नापास न झालेली पण पासही न झालेली
धाकटी भावजय

ता. क. १ : वरचं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. टकलाचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि डॉक्टरीणबाई रिव्हर्समध्ये नव्हे तर पार्किंगमध्ये नापास व्हायच्या, अशी दुरुस्ती सुचवली. (टॅक्सीतलं रडणं मी वाचताना गाळलं.) मग समाधानानं डोळे मिटले आणि आता घोरतायत. पाय कसाही असो, ह्यांचे कान नको तितके शाबूत आहेत, आणि आमच्या घरात कुठेही उभं राहून फोन केला तरी ह्यांना ऐकू जातो. पत्र लिहिण्याचं खरं कारण ते. आता यापुढे जे लिहिते ते माझं आहे, ह्यांचं नाही.

ता. क. २ : वन्सं, तुम्ही ठणठणीत नाही आहात. मागे आला होतात तेव्हा जिना तुम्ही आडव्या होऊन, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरत होतात, आणि ह्यांनी वळून पाहिल्यावर कठड्याची धूळ पुसत असल्याचं दाखवलंत. मी पाहिलं आणि बोलले नाही. काठी घेतली तर म्हातारी दिसाल म्हणून तुम्ही काठी घेत नाही, आणि काठी नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही, हेही मला कळतं. तर ऐका. मागच्या रविवारी त्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई हट्टानं स्वतःच्या खुर्चीतून उठल्या आणि ह्यांच्या खुर्चीचे दांडे धरून चालू लागल्या. मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या, ताठ मानेनं. कितीतरी महिन्यांत एवढ्या चालल्या नव्हत्या. दांड्यांचा आधार असा पक्का असतो की गुडघ्यांवर भार येत नाही. आणि बघणाऱ्याला वाटतं, ही बाई आजाऱ्याची सेवा करतेय. मात्र खुर्ची रिकामी असून चालत नाही. मी स्वतः करून पाहिलं, रिकामी खुर्ची पुढे पळते आणि जोर दिला की मागे कलंडते. आधार घ्यायचा तर खुर्चीत वजन हवं. वजनाच्या बाबतीत तुमच्या बंधूंनी आजवर कोणाला निराश केलेलं नाही. म्हणून रविवारी फोन आला की ह्यांना खरं काय ते सांगा. सांगा, की गुडघे गेलेत रे माझे, मला धरायला तुझी खुर्ची लागेल आणि तू खुर्चीत लागशील, तू येत असलास तर मी येते. माझ्यासाठी म्हणून हे येणार नाहीत, ते मला आरशानं दाखवलं. पण अक्काला आधार हवा म्हटल्यावर हे काय करतील ते तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. गुडघ्यांचं कबूल करणं तुम्हाला किती जड जाईल याची मला कल्पना आहे. तरी मागते. प्रवास कंपनीच्या बाईंना मी तीन माणसं असं सांगून ठेवलंय.

ता. क. ३ : तुम्ही येत असाल तर तुमच्या आधारासाठी, हे येत असतील तर अक्काच्या प्रेमासाठी. मग यात तुझं काय, असं तुम्ही विचाराल, म्हणून तेही लिहून टाकते. लग्न झाल्यापासून रस्त्यावर हे पुढे आणि मी मागे. ह्यांची चाल भरभर, माझ्या हातात पिशवी. कोपऱ्यावर थांबून 'येतेस ना?' म्हणायचे आणि मी पोचेपर्यंत पुन्हा चालू लागायचे. गाडीत तरी शेजारी बसावं तर पुढची जागा शिकणाऱ्याची, मी आपली मागे. पाय गेला तेव्हा मी रात्रंदिवस काळजीत होते, पण खोटं कशाला बोलू, एकदा मनात येऊन गेलं की आता हा माणूस थांबेल. मग खुर्ची आली आणि मी पुन्हा मागेच! चढावर आणि उतारावर मी हात लावीन, तुम्ही नुसतं धरून चाला. पण पुलाच्या वर, जिथे जरा सपाट असेल, तिथे दांडे तुमच्या हातात असू द्या. तेवढं अंतर मला ह्यांच्या शेजारून चालायचंय, वन्सं. हो म्हणा.